सव्वानव्वद

लाइल पेनरला खरं म्हणजे फक्त एक ट्रम्पेट हवा होता.

पेरिनच्या हायस्कूलच्या बँडमध्ये त्या वर्षी चार ढोलवाले, दोन क्लॅरिनेट, एक बासरी आणि एक भलामोठा टुबा एवढाच सरंजाम उरला होता. शुक्रवारी संध्याकाळी सामन्याआधी राष्ट्रगीत वाजायचं तेव्हा चाल सगळी बासरीच्या गळ्यात पडायची, आणि बासरीचा आवाज माळरानावरचा वारा परस्पर पलीकडच्या जिल्ह्यात घेऊन जायचा. बाकांवर बसलेल्या माणसांच्या वाट्याला उरायचे ढोल आणि टुबा. छातीवर हात ठेवून, टोपी काढून उभं राहावं आणि कुणी तळघरात कपाट सरकवतंय असं ऐकू यावं, ही काही देशभक्तीला पोषक गोष्ट नव्हे.

लाइल गारपिटीचा विमा विकायचा आणि शाळेच्या फुटबॉल पाठीराखे मंडळाचा चौदा वर्षं अध्यक्ष होता. दर वर्षी निवडणुकीच्या दिवशी सभेला तो, त्याची बायको आर्डिस आणि कॉफीचं यंत्र चालवणारी नोला एवढेच हजर असत. पण बिनविरोध ती बिनविरोध, असं तो मनाशी म्हणे. तर अध्यक्ष या नात्याने ट्रम्पेटचं पाहणं त्याला आपलं कर्तव्य वाटलं. बँडच्या मास्तरांनी सांगितलं की गावापासून चौदा मैलांवर व्हीब कुटुंबाचा गोठा आहे, तिथे दूध काढायच्या वेळी कुणीतरी ट्रम्पेट वाजवतं, आणि गाई त्या सुरावर जास्त दूध देतात अशी वदंता आहे. वाजवणारी मुलगी टिल्डा. वय पंधरा. शाळेत येत नाही, आईच घरी शिकवते.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात लाइल तिथे गेला. टिल्डाची आई, जस्टिना व्हीब, कमी बोलणारी, डोक्याला रुमाल बांधलेली, जेवणाआधी आणि जेवणानंतरही प्रार्थना करणाऱ्यांपैकी बाई. तिने त्याचं सगळं भाषण गाईच्या पोटाला डोकं टेकवून ऐकून घेतलं. एकच तास, लाइल म्हणाला. फक्त बँडचा. अकरा ते बारा. बाकी सगळं तुम्हीच शिकवा. ने-आण मी करीन. जस्टिनाने मुलीकडे पाहिलं. मुलगी दुधाच्या बरणीकडे पाहत होती, पण तिचे कान इतके लाल झाले होते की वेगळं उत्तर लागलंच नाही. आईने मान हलवली. तिचे दोन्ही हात दुधात होते आणि लाइलला घाई होती, म्हणून नावनोंदणीच्या कागदावर पालकाच्या रकान्यात त्यानेच "तर्फे" असं लिहून आपली सही ठोकली. विमा विकणाऱ्या माणसाला मोकळा रकाना बघवत नाही.

यानंतरच्या पहिल्या शुक्रवारबद्दल पेरिनमध्ये बरेच दिवस बोललं गेलं. राष्ट्रगीत धान्याच्या कोठ्यावर आपटून परत आलं. पाहुण्या संघाचे दोन गडी दचकले.

आता वीस सप्टेंबरविषयी थोडं सांगायला हवं. त्या दिवशी राज्यभर शाळांतली डोकी मोजतात, आणि जितकी डोकी तितकं सरकारी अनुदान. म्हणून पेरिनमध्ये वीस सप्टेंबर हा जवळजवळ सणच असतो. त्या दिवशी कुणी आजारी पडायचं नाही, कुणी मका कापायला जायचं नाही, कुणाच्या आजीने देवाघरी जायचं नाही. पोरं हमखास यावीत म्हणून पाठीराखे मंडळ दुपारी खिमा-राजम्याची तिखट चिली आणि सोबत दालचिनीचे गोड रोल वाढतं. तिखटात गोड बुडवून खायची ही रीत बाहेरच्यांना विचित्र वाटते. बाहेरच्यांनी आमच्याकडे जेवायला येऊ नये. त्या वर्षी आर्डिसने चोवीस डझन रोल भाजले, आणि लाइलने सकाळी स्वतः गाडी काढून पाय मोडलेल्या एकाला, रुसलेल्या एकीला आणि नेहमीप्रमाणे टिल्डाला शाळेत आणून सोडलं.

आकडा आला एक्क्याण्णव.

नऊ वर्षांत पेरिन हायस्कूल नव्वदच्या वर गेलं नव्हतं. बँकेबाहेरच्या पाटीवर, जिथे एरवी तापमान आणि गव्हाचा भाव असतो, तिथे "९१! पेरिन वाढतंय" असं लागलं. साप्ताहिकात लाइलचा फोटो आला, हातात रोल. त्याने त्या अंकाच्या सहा प्रती घेतल्या आणि नोलाच्या कॅफेत एक विसरल्यासारखी ठेवून आला.

ऑक्टोबरच्या मध्यावर राज्याच्या शालेय क्रीडा मंडळाचं पत्र आलं. अभिनंदनाचं असेल म्हणून मुख्याध्यापिका रेनी कोल्बर्ग यांनी ते लाइलसमोरच फोडलं. त्यात लिहिलं होतं की पटावर नव्वद किंवा कमी विद्यार्थी असलेल्या शाळांनी आठ गड्यांचा फुटबॉल खेळायचा, त्याहून जास्त असतील त्यांनी अकरा गड्यांचा. स्पर्धेत कुणावर अन्याय होऊ नये यासाठी ही वर्गवारी आहे. आपल्या शाळेची संख्या एक्क्याण्णव असल्याने पुढच्या दोन हंगामांसाठी आपल्याला वरच्या वर्गात बढती देण्यात येत आहे.

बढती हा शब्द लाइलने दोनदा वाचला.

पेरिनकडे खेळणारी पोरं होती एकोणीस. त्यांतला एक पाय मोडलेला. वरच्या वर्गातल्या शाळा महामार्गाच्या पलीकडच्या. त्यांचे साठ साठ गडी बसमधून उतरायला लागले की प्रेक्षकांचं एक सँडविच संपतं. रेनीबाई गोष्ट गोड करून सांगणाऱ्यांपैकी नव्हत्या. त्या म्हणाल्या, एकोणीस पोरांना साठांसमोर उभं करायचं पाप मी करणार नाही. एक तर नऊ मैलांवरच्या डोर्नीच्या शाळेत आपला संघ विलीन करायचा, नाहीतर संघ बंद करायचा.

डोर्नीत विलीन होणं म्हणजे काय, हे पेरिनच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पेरिनमध्ये लोक डोर्नीच्या दंतवैद्याकडे जातात तेसुद्धा दात दुखायचा थांबला तर बरं अशी आशा धरून. आणि पुढचं वर्ष साधं नव्हतं. तिसरीपासून एकत्र खेळलेली पोरं पुढच्या वर्षी शेवटच्या वर्गात असणार होती. तीस वर्षांत पहिल्यांदा राज्याचं अजिंक्यपद आवाक्यात दिसत होतं. खेळ चालवणारा क्वार्टरबॅक होता म्हाताऱ्या डॉयल वॉर्केन्टिनचा नातू, आणि डॉयल दिवसातले चार तास नोलाच्या कॅफेत खिडकीजवळ बसून त्या भविष्यावर प्रवचन करायचा.

त्या दिवशी लाइल कॅफेत शिरला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचली होती. डॉयलने कप खाली ठेवला.

"म्हणजे आमची पोरं नव्वद," तो म्हणाला, "आणि तुझा ट्रम्पेट एक."

कुणी हसलं नाही. लाइलने नेहमीच्या खुर्चीवर बसावं की नाही याचा विचार केला आणि कागदी कपात कॉफी बांधून घेतली, जी गोष्ट गेल्या वीस वर्षांत त्याने केली नव्हती.

सल्ले मात्र फुकट आणि मुबलक मिळाले. एकाचं म्हणणं, परदेशातून वर्षभरासाठी आलेल्या त्या स्लोव्हेनियाच्या पोराला मोजूच नये, तो परत जायचाच आहे. दुसऱ्याचं म्हणणं, पाय मोडलेला पोरगा अर्धा धरावा. नोला म्हणाली, दोन जुळ्या बहिणी इतक्या सारख्या दिसतात की एकच मोजली गेली असती तरी कुणी हरकत घेतली नसती. लाइलने हे सगळं वहीत उतरवून घेतलं. संकटात माणसाला वही फार आधार देते.

शेवटी मुद्दा त्यालाच सापडला, आणि तो सापडला त्या रात्री त्याने आर्डिसला दोनदा वाचून दाखवला. अनुदानाच्या कागदात एक तास येणारा विद्यार्थी पूर्ण धरत नाहीत, पाव धरतात. म्हणजे सरकारच्या एका खात्यापुढे पेरिनची संख्या होती सव्वानव्वद. तीच मुलगी क्रीडा मंडळाकडे गेली की अख्खी होत होती. हा अन्याय नव्हे तर काय?

आर्डिस भरतकाम करत होती. ती सावकाश बोलणारी बाई. पहाटे पाचला उठून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी प्रार्थनेला बसते, आणि दिवसभराची आपली बोलणी बहुधा तिथेच संपवून येते. ती म्हणाली, "आणि उरलेली पाऊण मुलगी तू कुठे बसवणार? तुझ्या गाडीत एकच जागा असते."

लाइलने ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी क्रीडा मंडळाच्या कचेरीला फोन लावला. तिथली बाई सौजन्याने बोलली. सव्वा हा आकडा आमच्या यंत्रात बसत नाही, म्हणाली. पण एकच तास येते हे हजेरीवरून सिद्ध झालं तर अपील दाखल करता येईल, नमुना क्रमांक सतरा, तीन प्रतींत. आणि मग सहज विचारल्यासारखं तिने विचारलं की त्या तासात मुलगी सबंध असते ना. लाइल म्हणाला, हो, त्या तासात सबंध असते. बाईने ते लिहून घेतलं.

हजेरी मागवली तेव्हा पहिला तडाखा बसला. अकराचा बँड, पण लाइलला नऊला कचेरी उघडायची असल्यामुळे तो टिल्डाला साडेआठलाच शाळेत सोडायचा. मधले अडीच तास पोर बसणार कुठे? ती ग्रंथालयात बसायची. ग्रंथपालबाईंना वाटलं, बसलीच आहे तर अभ्यासतासात नाव घालावं. म्हणजे दोन तास. सव्वानव्वदचे साडेनव्वद झाले. लाइलने ताबडतोब ठरवलं की यापुढे तिला अकराच्या ठोक्यालाच आणायचं. त्यासाठी कचेरी मधेच बंद करून अठ्ठावीस मैलांची फेरी आली, ती त्याने मारली. पण टिल्डा म्हणाली की साडेआठलाच आणलं तर बरं, कारण दहा वाजता बीजगणित असतं. बीजगणित? हो, खिडकीतून ऐकू यायचं, मग मास्तर म्हणाले आतच येऊन बस. पावणेएक्क्याण्णव.

त्याने रेनीबाईंकडे तक्रार केली. म्हणजे तक्रार अशी नव्हे. मुलगी शिकते आहे अशी तक्रार करणं त्याच्या तोंडून निघेना, म्हणून तो "वेळापत्रकात थोडी शिस्त असावी" असं काहीतरी म्हणाला. रेनीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि सांगितलं की कालपासून ती जीवशास्त्रालाही बसते, आणि गाईच्या चार पोटांवर तिने जे सांगितलं ते मास्तरांना माहीत नव्हतं. नोव्हेंबर उजाडेपर्यंत लाइलची पाव मुलगी चार तासांची, म्हणजे सबंध होऊन बसली. जेवढी तो तिला कागदावर आकसायला बघत होता तेवढी ती वाढत होती. येताना गाडीत ती आता बोलायचीही. पूर्वी चौदा मैल नुसतं बाहेर बघायची. आता अपूर्णांकांच्या भागाकारात दुसरा अपूर्णांक का उलटा होतो ते सांगायची, आणि लाइल, ज्याने आयुष्यभर टक्केवारीवर पोट भरलं, तो मान डोलवायचा आणि मनात म्हणायचा की पोरी, तू स्वतः अपूर्णांक राहिली असतीस तर.

दुसरा तडाखा तडाखा नव्हता, उलट देणगी होती. अपिलासाठी मूळ नावनोंदणीचा कागद काढला तेव्हा रेनीबाईंना पालकाच्या रकान्यात ती "तर्फे" दिसली. त्यांनी दार लावून घेतलं. हा कागद कायद्याने कागदच नाही, त्या म्हणाल्या. आईची सही नाही. दुरुस्तीचा एक नमुना असतो, त्यावर दोन चौकोन. आईने सही करून पहिल्या चौकोनात खूण केली तर नोंदणी पहिल्या दिवसापासून पक्की. दुसऱ्यात केली तर मुलगी शाळेत कधी नव्हतीच.

"मग तिचं बीजगणित?" लाइलने विचारलं.

"नव्हतंच," रेनीबाई म्हणाल्या. "तीन महिन्यांचं सगळंच नव्हतं. पण पट नव्वद. अगदी खरा, कुणाला खोटं न बोलता. लाइल, शंभर वर्षांत या गावाला इतकी सोयीची चूक मिळालेली नाही. आणि ती तुम्ही केलीत."

गावात हे चोवीस तासांत पसरलं, आणि लाइलची खुर्ची त्याला परत मिळाली. डॉयलने स्वतः सरकवून दिली. चूक करावी तर लाइलसारखी, असं कुणीतरी म्हणालं. लाइलला बरं वाटलं. त्या बरं वाटण्यात कुठेतरी बुटात खडा गेल्यासारखं होत होतं, पण बूट काढून बघायला त्याला वेळ नव्हता. सुनावणी डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी होती.

नमुना घेऊन तो गोठ्यावर गेला. जस्टिनाला सगळं कळलंच होतं. या वेळी तिने हात धुतले, रुमालाला पुसले आणि खाली स्पष्ट अक्षरांत सही केली. खूण कुठल्याच चौकोनात केली नाही.

"एक राहिलंय," लाइल म्हणाला.

"राहिलेलं नाही. ठेवलंय," ती म्हणाली. "बोलवायला तुम्ही आला होता, मिस्टर पेनर. तेव्हा मी पोरीला सांगितलं, लोकांनी बोलावलंय, नीट वाग. आता ठेवून घ्यायचं की परत पाठवायचं तेही बोलावणाऱ्यानेच सांगावं. मी राग धरणार नाही. पण खूण मी करणार नाही."

कागदाची घडी खिशात घालून तो गाडीत बसला आणि किल्ली फिरवायची विसरून पाच मिनिटं तसाच बसला. मोकळा रकाना त्याला बघवत नसे हे वर सांगितलंच आहे.

सुनावणीच्या नोटिशीत शेवटी एक ओळ होती की ज्या विद्यार्थ्याच्या संख्येबाबत वाद आहे त्यास ओळख पटवण्यासाठी हजर करावं. त्यामुळे राजधानीचा चार तासांचा प्रवास लाइल, रेनीबाई आणि टिल्डा यांनी मिळून केला. अपिलात जिला "लिपिकीय चूक" म्हटलं होतं ती मागच्या जागेवर हॅमचं सँडविच खात बीजगणिताची उदाहरणं सोडवत होती. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, वारा, आणि मधूनच एखादा धान्याचा कोठा. रेनीबाई झोपल्या होत्या किंवा डोळे मिटून होत्या.

"मिस्टर पेनर," टिल्डा म्हणाली, "एक्क्याण्णवावी मीच कशावरून?"

लाइल म्हणाला की ते तसं नसतं, तो एक आकडा आहे.

"ते कळतं मला. पण पटाची यादी आडनावावरून आहे. व्हीब शेवटी येतं म्हणून मी शेवटी. माझं नाव अ‍ॅबट असतं तर मी पहिली असते. मग एक्क्याण्णवावा वॉर्केन्टिन आला असता. तुमचा क्वार्टरबॅक. मग तुम्ही त्याला घेऊन चालला असतात का? मी नुसतं विचारतेय. उदाहरण म्हणून."

लाइलने आरशातून मागे बघितलं. पोरगी खरंच नुसतं विचारत होती. तिच्या चेहऱ्यावर ना टोमणा होता ना रडू. उदाहरण सुटत नसलं की दिसतं तेवढंच होतं. पुढे एक ट्रक होता, त्याला मागे टाकण्यात त्याने बराच वेळ घालवला.

मंडळाच्या कचेरीत त्यांच्या आधी शहरातल्या एका मोठ्या शाळेचं अपील चालू होतं. चौदाशे विद्यार्थी, दोन पोहण्याचे तलाव, चार वकील. शेजारच्या शाळेहून आमचे दोन विद्यार्थी जास्त भरले, म्हणून आम्हाला वरच्या वर्गात ढकललंय, हे न्यायाला धरून नाही, असं एक वकील जवळजवळ भरल्या गळ्याने सांगत होता. त्या दोघांची नावं त्याने कागदावर काढून आणली होती. लाइलला आधी हसू आलं. मग खिशातली आपली घडी हाताला लागली आणि हसू गेलं. फरक एवढाच होता की त्याच्याकडे वकील नव्हते.

समितीच्या अध्यक्षा पांढऱ्या केसांच्या, पूर्वी व्हॉलीबॉल शिकवलेल्या बाई होत्या. आवाजात अजून शिट्टी होती. पेरिनचा नंबर आला तेव्हा त्या म्हणाल्या, "मिस्टर पेनर, तुमची चूक नेमकी काय ती सांगा. इथे येतो त्या प्रत्येकाचा आकडा चुकून मोठा झालेला असतो. चुकून लहान झालाय म्हणून अजून कुणी आलेलं नाही."

लाइल उभा राहिला. त्याने कागद उलगडला, टेबलावर ठेवला आणि खिशातलं पेन काढलं. विमा कंपनीचं, गारांचं चित्र असलेलं. खूण करायला अर्धा सेकंद लागतो. त्याला किती लागला ते रेनीबाईंनी पुढे कधी सांगितलं नाही.

"चूक सहीची होती," तो म्हणाला. "घाई माझी, म्हणून सही माझी. आता आईने केली आहे. मुलगी पहिल्या दिवसापासून पटावर आहे." आणि घसा खाकरून, "एक्क्याण्णव बरोबर आहे, बाई. वीस सप्टेंबरला सकाळी मी स्वतः गाडीने आणून मोजून घेतलेत."

अध्यक्षांनी चष्मा काढला. मग तुम्ही अपील कशाचं करायला चार तास आलात, असं त्यांनी विचारलं. ते लाइललाही नीट सांगता येईना. तो एवढंच बोलला की शिरस्त्राण घालणारी पोरं एकोणीस आहेत, ती एक मुलगी आल्याने वीस होत नाहीत. ट्रम्पेट कुणाला आडवा पाडत नाही. तुम्ही नावं मोजता आणि त्याला न्याय म्हणता, आणि आम्ही आकडा लहान दिसावा म्हणून पोरं वगळायला निघालो आणि त्यालाही न्यायच म्हणत होतो. मग तो खाली बसला.

नियम बदलायचा अधिकार त्या समितीला नव्हता. पण नियमातच तळाशी एक सवलत होती, जी सहसा कुणी घेत नसे. लहान शाळेला खालच्या वर्गातच, आठ गड्यांचं खेळत राहता येईल. दोन वर्षं. मात्र साखळीतले सगळे सामने जिंकले तरी पुढच्या बाद फेरीत जाता येणार नाही. त्यांची जागा गटातल्या दुसऱ्या संघाला मिळेल. अजिंक्यपद नाही. काय ते आत्ताच सांगा, अध्यक्षा म्हणाल्या. रेनीबाईंनी लाइलकडे पाहिलं, लाइलने रेनीबाईंकडे. सही अर्थातच मुख्याध्यापिकेची लागली, पण पेन लाइलने पुढे केलं, आणि गावाने पुढे डूख धरला तो त्याचाच.

परतताना टिल्डाने सांगितलं की उदाहरण सुटलं. कुठलं, हे लाइलने विचारलं नाही.

पोरांना प्रशिक्षकाने दुसऱ्या दिवशी सगळं सांगून हात वर करायला लावले. डोर्नीत जायचं की बक्षिसाशिवाय आपलं आपण खेळायचं? सतरा हात आपलं आपण म्हणाले. डॉयलच्या नातवाचा हात पहिला होता. याने डॉयलची समजूत पटायला हवी होती, पण नातवंडांचा शहाणपणा आजोबांना सहसा लागू पडत नाही. लाइल कॅफेत आला की डॉयल खिडकीबाहेर बघायचा, आणि पेरिनमध्ये त्या खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नाही. तीस वर्षांपासूनची दोन गिऱ्हाइकं विमा काढायला डोर्नीला गेली. चर्चमध्ये शांतीचं हस्तांदोलन करायची वेळ आली की लाइलच्या मागचा बाक एकाएकी प्रार्थनेची पुस्तकं लावायला घ्यायचा. पाठीराखे मंडळाच्या सभेला त्या वर्षी एकवीस माणसं आली आणि अध्यक्ष बदलला. लाइलने टाळ्या वाजवल्या, घरी येऊन गॅरेजमधले स्क्रू आकारमानाप्रमाणे वेगळे करत बसला. आर्डिस दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली की मोठ्यांत एक लहान गेलाय. तो म्हणाला, राहू दे त्याला तिथेच. ती एवढ्यावर आत गेली, पण तिच्या चेहऱ्यावरून तिला हवं ते उत्तर मिळाल्यासारखं दिसत होतं.

पुढच्या हंगामात पेरिन नऊपैकी नऊ सामने जिंकलं. डोर्नीला चव्वेचाळीस-सहाने लोळवलं. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी बाद फेरीला गेलं डोर्नी.

त्या आठवड्यात सोमवारी डोर्नीच्या प्रशिक्षकाचा फोन लाइलला आला. मंडळाचा अध्यक्ष आता तो नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असूनही त्यांनी त्यालाच केला. अवघडलेला गृहस्थ. आमची पोरं तुमच्या जागेवर चाललीत आणि त्यांना मान वर करवत नाहीये, म्हणाला. निदान हरताना शोभेसं हरावं. बुधवारी तुमची पोरं आमच्याशी सरावाला येतील का?

लाइलने पोरांना विचारलं. पोरं गेली. एक व्हॅन, आणि उरलेली लाइलच्या गाडीत, चौघांच्या जागेत सहा. तो बुधवार, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, कारण पेरिनकडून दर बुधवारी मार खाऊन खाऊन डोर्नी दर शुक्रवारी जिंकायला लागलं. कॅफेत या प्रकाराला आधी हरामखोरी म्हटलं गेलं. दुसऱ्या आठवड्यात वेडेपणा म्हटलं गेलं. तिसऱ्या आठवड्यात नोलाने लाइलला विचारलं की डोर्नीचा तो डावीकडचा पोरगा आता तरी खांदा खाली घालायला शिकलाय का, आणि खिडकीजवळ डॉयलचा कप वाजायचा थांबला.

उपांत्य सामना डोर्नीच्या मैदानावर होता. समोर तीन वेळा अजिंक्य ठरलेली शाळा. शनिवारची दुपार, थंडी अशी की श्वास दिसावा. लाइल आणि आर्डिस लवकरच गेले, कारण वैऱ्याच्या गावात आपल्याला बसायला कोण जागा देणार अशी धास्ती. फाटकावर डोर्नीचा एक तरुण हातात आकडे पुढे सरकवायचं यंत्र घेऊन उभा होता. बाकांची मर्यादा सहाशेची, अग्निशमन दलाचा नियम. लाइलच्या पुढे रांगेत एक ओळखीची पाठ होती आणि ओळखीची टोपी. डॉयल वॉर्केन्टिन मागे वळून पाहत नव्हता, पण वळून न पाहण्यात आता पूर्वीचा जोर नव्हता.

"पेरिनचे आहात ना?" तरुणाने त्याला विचारलं. "तुमच्यातले एकूण किती येतायत? मला आधी आकडा लागेल, काका."

डॉयल मागे वळला. लाइल, आर्डिस, त्यांच्यामागे नोला, बँडचे मास्तर, जस्टिना व्हीब रुमाल घट्ट बांधून आणि तिच्या शेजारी टिल्डा, मग एकोणीस पोरं, त्यांच्या आया, त्यांचे बाप, आणि रस्त्यावरून अजून वळणाऱ्या गाड्या. पार कोठ्यापर्यंत. डॉयलने ती रांग शेवटापर्यंत पाहिली. मग त्याने हात पुढे केला आणि त्या पोराच्या हातातलं यंत्र हळूच खाली केलं.

"मोजायला सांगू नकोस रे बाबा," तो म्हणाला. "तू आपलं फाटक उघडं ठेव."